आधी टॉर्टिया बघा, मग अंडं फोडा

रविवारी सकाळी घरी मेक्सिकन नाश्ता करावा असं मनात आलं की नावं फिरून फिरून तीच येतात. वेवोस रांचेरोस, चिलाकिलेस, मिगास, वेवोस आ ला मेहिकाना. सगळ्यांत अंडं, सगळ्यांत टोमॅटो-मिरची, सगळ्यांबरोबर मक्याची टॉर्टिया, म्हणजे तिकडची चपटी भाकरी. मग यातलं करायचं कोणतं? बहुतेक जण अंड्यावरून ठरवतात: आख्खं फ्राय केलेलं आवडतं की भुर्जीसारखं मोडलेलं. मी म्हणेन, अंडं बाजूला ठेवा. आधी डब्यातली टॉर्टिया बघा.

हे शहाणपण माझं नाही. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात आम्ही दोन वर्षं होतो, तेव्हा खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या. दुपारच्या जेवणाआधी त्या कोपऱ्यावरच्या टॉर्टियेरियातून गरम टॉर्टिया किलोवर आणायच्या, कापडात गुंडाळून. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कापड उघडायचं, उरलेल्या टॉर्टिया बोटांनी वाकवून बघायच्या, आणि मग नाश्त्याचं ठरायचं. लवचिक असल्या तर एक पदार्थ, कडक झाल्या असल्या तर दुसरा, चारच उरल्या असल्या तर तिसरा. मला त्यात नवल वाटलं नाही. रात्रीच्या पोळ्यांचा डबा उघडून फोडणीच्या पोळीला पुरतील का, हा हिशेब मी आजीला रोज करताना पाहिला होता.

नावाचं एकदाच सांगून टाकते. ‘टॉर्टिला’ नाही, टॉर्टिया. आणि स्पेनमध्ये जाऊन टॉर्टिया मागितलीत तर पुढ्यात बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट येईल. स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतली मक्याची चपटी भाकरी पाहून तिला आपल्याकडचंच नाव देऊन टाकलं.

मका घरात आहे, पण कोणता?

पदार्थ निवडण्याआधी हा प्रश्न सोडवावा लागतो, आणि खरी मेख इथेच आहे. आपल्या वाण्याकडचं मक्याचं पीठ आणि टॉर्टियाचं पीठ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मेक्सिकोत मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच मुरू देतात, सकाळी चोळून धुतले की साल सुटते, आणि मग ते ओलेच वाटतात. अशा चुना लावलेल्या मक्याचं नाव निक्स्टामल, नाहुआट्ल या तिथल्या जुन्या भाषेतल्या राख या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. वाटून जो गोळा होतो त्याला म्हणतात ‘मासा’. (कोकणातल्या माणसाने नाव ऐकून उगाच आशा धरू नये.) चुन्यामुळे पिठाला चिकटा येतो, टॉर्टिया तुटत नाही, आणि मक्यात अडकून राहिलेलं नायासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही. उत्तर इटलीत मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना मग त्याच जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने ग्रासलं.

आपलं मक्याचं पीठ सरळ कोरडं दळलेलं. त्याची भाकरी थापताना कडा चिरतात हे करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. खायला ती छानच लागते. पण तिचे तुकडे तळून साल्सात, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या पातळ चटणीत, टाकलेत तर दोन मिनिटांत पिठलं.

मग पर्याय काय? ऑनलाइन ‘मासा हारिना’ मिळतं, म्हणजे निक्स्टामल करून वाळवलेलं पीठ. नुसतं कोमट पाणी घालून मळायचं. मासेका हे त्यातलं सगळ्यांत जुनं आणि माहितीचं नाव. ते बनवणारी ग्रुमा कंपनी 1949 साली नुएवो लेओन राज्यात सुरू झाली. पीठ बाहेरून येतं त्यामुळे महाग पडतं, पण एका किलोत साधारण 60 टॉर्टिया होतात हे लक्षात घेतलं तर तितकं डोळ्यांवर येत नाही.

दुसरा मार्ग घरी चुना लावायचा. पानाच्या दुकानातला खायचा चुना म्हणजे हाच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. अर्धा किलो वाळलेल्या मक्याला ओला चुना पोह्याचा एक चमचा पुरतो. पातेलं स्टीलचं घ्या, अॅल्युमिनियमचं नको, चुना ते खातो. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, दाणा नखाने सोलता येईपर्यंत. स्वीट कॉर्न किंवा पॉपकॉर्नचे दाणे यासाठी उपयोगाचे नाहीत. इथवर सगळं सोपं. अडतं ते वाटण्यात. मिक्सरला पाणी जास्त घालावं लागतं, पीठ सैल होतं, आणि मग त्यात मुठी-दोन मुठी कोरडं पीठ मिसळून सावरावं लागतं. घरात पाटा-वरवंटा असेल आणि दंडात जोर असेल तर मात्र तो काढाच. मेक्सिकोतला मेताते हा तीन पायांचा पाटाच आहे, वरवंटा आडवा धरून पुढे-मागे रगडायचं तेही तसंच.

तिसरं, सुपरमार्केटमधलं टॉर्टियाचं पाकीट. नीट वाचा, त्यातलं बहुतेक मैद्याचं किंवा कणकेचं असतं. गव्हाची टॉर्टिया काही नकली नव्हे, उत्तर मेक्सिकोत, सोनोरासारख्या भागात, तीच मुख्य. पण खाली सांगितलेल्या चारांपैकी दोन पदार्थांत ती दगा देते. भारतात परतल्यावर पहिल्याच महिन्यात मी असलंच एक पाकीट आणून चिलाकिलेस केले होते. पाहुण्यांनी नम्रपणे विचारलं, ही लापशी तिखट करायची पद्धत आहे का?

चौथं म्हणजे नाचो चिप्स. नाक मुरडू नका. मसाला न लावलेले, फक्त मिठाचे मिळाले तर चिलाकिलेससाठी ते पाकिटातल्या मैद्याच्या टॉर्टियापेक्षा केव्हाही बरे.

ताजी टॉर्टिया असेल तर: वेवोस रांचेरोस

वेवोस म्हणजे अंडी, रांचेरोस म्हणजे शेतमळ्यावरची. पहाटे कॉफी आणि गोड पाव खाऊन कामाला लागायचं, आणि दहा-अकराच्या सुमाराला पोटभर खायचं, त्याला ते ‘आल्मुएर्सो’ म्हणतात. आपली न्याहारी म्हणा. हा तिथला पदार्थ. ताटलीत दोन टॉर्टिया, त्यावर दोन फ्राय अंडी, वरून शिजवलेला टोमॅटोचा साल्सा, बाजूला घोटलेले बीन्स.

दिसायला सगळ्यांत सोपा, आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त बिघडणारा. टॉर्टिया कोरडी ठेवली तर साल्सा पिऊन फाटते, कुरकुरीत तळली तर काट्याने तोडताना अंड्यासकट उडते. ती गरम तेलातून नुसती काढायची, एका बाजूने पाच-सात सेकंद, उलटून तेवढीच. वरून तेलाचा पातळ लेप बसतो, आत मऊ राहते. एवढी एक गोष्ट जमली की अर्धा पदार्थ जमला.

साल्साही कच्चा नव्हे. चार टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या, पाव कांदा, न सोललेली एक लसूण पाकळी, हे सगळं कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचं. तिकडच्या तव्याला कोमाल म्हणतात; आपला बिडाचा तवा त्याच जातीचा. भाजलेलं जाडसर वाटून चमचाभर तेलात पाच-सात मिनिटं परतायचं, मीठ. हळद नाही, जिरं नाही. हात आवरणं कठीण जातं, मला अजूनही जातं.

अंडं मात्र बलक पातळ राहील असंच हवं, कारण तो फुटून साल्सात मिसळतो तीच इथली ग्रेव्ही. बलक घट्ट खाणाऱ्यांनी हा पदार्थ सोडून द्यावा. उगाच करून नावं ठेवू नयेत.

आणि माणसं किती आहेत ते बघा. दोघांसाठी रांचेरोस म्हणजे सुख. सहा जणांसाठी म्हणजे बारा टॉर्टिया तेलातून काढा, बारा अंडी फ्राय करा आणि सहाही ताटल्या एकाच वेळी गरम द्या. धिरडी घालणाऱ्या बाईचं जे होतं तेच; सगळ्यांचं खाऊन होतं, तुम्ही तव्यापाशी.

शिळी, कडक झालेली असेल तर: चिलाकिलेस

पाहुणे असतील तर माझं मत डोळे झाकून याला. कडक झालेल्या टॉर्टियाचे त्रिकोणी तुकडे तळायचे, त्यांना म्हणतात तोतोपोस. उकळत्या साल्सात ते घालायचे, हलवायचे, उतरवायचे. वर साय, कुस्करलेलं चीज, कच्च्या कांद्याच्या चकत्या, आणि ज्याला हवं त्याच्या ताटलीत एक फ्राय अंडं.

इथे शिळेपणा हा गुण आहे. ताज्या टॉर्टियात पाणी असतं, ती जास्त तेल पिते आणि साल्सात पडताच मऊ होते. ताज्याच असतील तर कापून रात्रभर उघड्यावर वाळवा, किंवा ओव्हनमध्ये मंद आचेवर कोरड्या करा. हाच न्याय फोडणीच्या पोळीला लागतो. गरम पोळीची फोडणीची पोळी कुणी करतं का?

साल्सा लाल की हिरवा, हा तिकडे हॉटेलात पहिला प्रश्न. लालसाठी ग्वाहियो नावाची वाळकी मिरची लागते, रंगाला गडद, तिखटाला सौम्य. आपली ब्याडगी तिच्या जागी निर्धास्त घाला. सहा-सात मिरच्या बिया काढून गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, भाजलेल्या टोमॅटो-लसणाबरोबर वाटा, गाळा, तेलात परता. ग्वाहियोला एक हलकी आंबटगोड चव असते ती ब्याडगीत नाही, पण रंग हुबेहूब. हिरव्यासाठी लागतो तोमातियो. तो कच्चा टोमॅटो नव्हे, रसभरीच्या भावकीतला, तसाच कागदी वेष्टणातला. आपल्याकडे मिळत नाही. कच्चे हिरवे टोमॅटो आणि थोडं लिंबू यांवर काम भागतं, पण मी सांगेन की भारतात लालच करा, हिरव्याचा अट्टाहास नको.

आता खरा वाद. तोतोपोस कुरकुरीत राहायला हवेत की मुरून मऊ? यावर मेक्सिकोत घराघरांत दोन तट आहेत, साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा उकडलेला की कच्चा यावर आपल्याकडे असतात तसे. राजधानीच्या हॉटेलांत कडेला कुरकुर ठेवून देतात. ग्वादालाहाराकडे मातीच्या कासुएलात मंद आचेवर शिजवून दाट, मऊ केलेलेही मिळतात. आमच्या घरमालकीणबाई दुसऱ्या तटाच्या, मी पहिल्या. खाणारे लहान किंवा म्हातारे असतील तर बाईंची पद्धत बरोबर.

चौघांना 12 टॉर्टिया आणि तीन कप साल्सा. साल्सा शनिवारी करून फ्रिजमध्ये, तोतोपोस शनिवारीच तळून डब्यात. रविवारी काम उरतं पाच-सात मिनिटांचं. रांचेरोसशी तुलना केली तर एकूण खटपट इथे जास्त आहे, तेलही जास्त, पण ती खटपट आदल्या रात्रीची आहे. पाहुण्यांसमोर तुम्ही मोकळ्या. आणि अंडं इथे ऐच्छिक. न खाणारा एखादा असेल तर त्याची ताटली वेगळी करायला काहीच लागत नाही.

साय म्हणजे तिकडची क्रेमा, किंचित आंबट आणि सैल. चक्का थोड्या दुधात फेटून घेतला तर जवळ जातं. चीजसाठी पनीर कुस्करून मीठ लावून अर्धा तास ठेवा. पाकिटातलं पिवळं चीज नको; ते वितळून लगदा करतं, इथे विरघळणारं नव्हे तर सुटं राहणारं हवं.

चारच उरल्या असतील तर: मिगास

हा टेक्सासचा. ऑस्टिनमध्ये नाश्त्याच्या प्रत्येक यादीत सापडतो. तीन-चार टॉर्टियांच्या पट्ट्या कापून तव्यावरच थोड्या तेलात कुरकुरीत करा, त्यातच कांदा, मिरची, टोमॅटो, आणि मग सहा अंडी फेटून ओता. चीज वर. एक तवा, पंधरा मिनिटं, चौघांचं पोट भरलं.

मेक्सिको सिटीत मात्र हे नाव घेताना जपून. तिथल्या तेपितो भागात मिगास म्हणजे डुकराच्या हाडांचा, शिळा पाव घातलेला रस्सा. तुम्ही अंड्याची वाट बघत बसाल. आणि स्पेनमध्ये याच नावाने पावाचा चुरा परततात. शिळं वाया घालवायचं नाही, एवढंच तिन्हींत सारखं.

चिलाकिलेस आणि मिगास यांत घोटाळा होतो तो असा सोडवा: चिलाकिलेसमध्ये टॉर्टिया मुख्य आणि अंडं पाहुणं, मिगासमध्ये अंडं मुख्य आणि टॉर्टिया कुरकुरीपुरती. हातात नाचो चिप्सच असतील आणि साल्सा करायचा कंटाळा असेल तर मिगास. शाळेचा डबा असेल तर दोन्ही नको, दहापर्यंत ओले होतात.

टॉर्टियाच नसेल तर: वेवोस आ ला मेहिकाना

टोमॅटो लाल, कांदा पांढरा, मिरची हिरवी. झेंड्याचे तीन रंग म्हणून ‘मेक्सिकन पद्धतीची’ अंडी. थोडक्यात भुर्जी. मराठी माणसाला पहिल्यांदा वाढली की चेहरा बघण्यासारखा होतो: हे तर आमचंच!

तसं म्हटलं तर आमचं त्यांच्याकडून आलेलं आहे. टोमॅटो आणि मिरची दोन्ही तिकडच्या मातीतल्या. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर गोव्याच्या बंदरांत उतरली. उलट कोंबडी, कांदा आणि ते जिच्यावर जीव टाकतात ती कोथिंबीर, हे स्पॅनिश लोकांनी तिकडे नेलं.

फरक आहे तो हाताचा. आपण भुर्जीत कांदा लाल करतो, टोमॅटोचं पाणी आटवतो, अंडं मोडून रवाळ कोरडं करतो. तिकडे कांदा जेमतेम पारदर्शक, टोमॅटोची फोड शाबूत, आणि अंड्याच्या मोठ्या मऊ घड्या, ओलसर असतानाच उतरवलेल्या. हळद-मसाला नाही म्हणताना चव पांचट होईल असं वाटतं, होत नाही, मात्र टोमॅटो पिकलेला हवा. दहा मिनिटांचं काम.

हे पोळीबरोबर चालतं, मक्याच्या भाकरीबरोबर तर फार चांगलं, आणि पाकिटातली मैद्याची टॉर्टिया शेवटी इथे कामाला येते: तव्यावर गरम करा, अंडी भरा, गुंडाळा. म्हणून ज्यांना खास काही आणायचं नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. पण मग ‘घरी मेक्सिकन केलं’ याचा थरार किती वाटेल ते तुमचं तुम्ही बघा. मला विचाराल तर बुधवारी सकाळी हे, रविवारी नाही.

राहिलेली दोन

वेवोस दिवोर्सियादोस, घटस्फोटित अंडी: एका अंड्यावर लाल साल्सा, दुसऱ्यावर हिरवा, मधे बीन्सची भिंत. नाव गमतीचं, पण दोन साल्से कुणी करावेत? वेवोस मोतुलेन्योस युकातानमधल्या मोतुल गावचे. टॉर्टियावर काळे बीन्स, अंडं, टोमॅटो साल्सा, हॅम, मटार, चीज आणि कडेला तळलेली गोड केळी. सात गोष्टी जुळवायच्या, म्हणून सणावारीच. पण वसईची पिकलेली राजेळी हाताशी असेल तर एकदा करून बघाच. तिकडे जी केळी तळतात ती याच प्रकारची, नेहमीचं वेलची केळं तेलात विरघळून जातं.

बीन्स यातल्या कशाही बरोबर हवेत. राजमा चालतो, तो मुळात त्याच जातीचा दाणा आहे. शिजवून, कांदा परतलेल्या तेलात रवीने घोटून दाट करा. ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’ म्हणजे दोनदा तळलेले नव्हे. त्या ‘रे’चा अर्थ इथे ‘चांगले, भरपूर’ असा आहे, म्हणून हात आखडता घेऊ नका.

आणि चहा नको. जाडसर दळलेली कॉफी, दालचिनीचा तुकडा आणि त्यांचा पिलोन्सियो, म्हणजे साच्यात घातलेला गूळच, हे मातीच्या भांड्यात उकळून गाळतात, दूध न घालता. आपल्या कोल्हापुरी गुळाने ती अगदी तशीच होते. भांडं स्टीलचं असलं तरी.